वीस आकडे आणि एक आलेखाचा कागद

‘सोडियमला आपला एक इलेक्ट्रॉन देऊन टाकायचा असतो.’ हे वाक्य मी उत्तरपत्रिकांमध्ये इतक्या वेळा खोडलंय की लाल रिफिलींचा हिशेब लागणार नाही. सोडियमला काहीही द्यायचं नसतं. वायुरूपातल्या एक मोल सोडियम अणूंकडून एकेक इलेक्ट्रॉन काढून घ्यायचा तर ४९६ किलोजूल मोजावे लागतात, तेही रोख. इतरांपेक्षा कमी लागतात, एवढंच. क्लोरीनकडे १२५१ लागतात, हेलियमकडे २३७२. फुकट सोडणारा अणू आख्ख्या आवर्तसारणीत एकही नाही. हा जो दाम मोजायचा, तीच आयनीभवन ऊर्जा.

मी विट्यात अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवायचे. आता निवृत्त आहे, पण संध्याकाळी चार-पाच मुलं घरी येतात. बहुतेकांची दहावी मराठी माध्यमातून झालेली. दहावीपर्यंत त्यांनी सोडियमचं संरूपण, म्हणजे कवचाकवचांतली इलेक्ट्रॉनांची मांडणी, २, ८, १ असं सुखाने लिहिलेलं असतं, आणि अकरावीच्या इंग्रजी पुस्तकात एकदम एस, पी, डी, एफ ही कवचांच्या आतल्या उपकवचांची नावं अंगावर येतात. मग घोकंपट्टी सुरू होते: आयनीभवन ऊर्जा आवर्तात, म्हणजे सारणीच्या आडव्या ओळीत, डावीकडून उजवीकडे वाढते; गणात, म्हणजे उभ्या ओळीत, वरून खाली घटते. वाक्य खोटं नाही. पण बोरॉनपाशी ते मोडतं, ऑक्सिजनपाशी मोडतं, गॅलियमपाशी पुन्हा मोडतं, आणि मूल विचारतं, “मॅडम, अपवाद वेगळे पाठ करू का?”

नका करू. त्याऐवजी मी त्यांना जे करायला लावते ते करा. दोन संध्याकाळी जातील.

पहिल्या संध्याकाळी आलेखाचा कागद आडवा घ्या. खालच्या रेघेवर अणुअंक, म्हणजे केंद्रकातल्या प्रोटॉनांची संख्या, १ ते २०, प्रत्येकाला एक सेंटिमीटर. उभ्या रेघेवर आयनीभवन ऊर्जा, एका सेंटिमीटरला २०० किलोजूल. म्हणजे बारा सेंटिमीटरांत सगळं बसतं. आता हे आकडे, सगळे किलोजूल प्रति मोलमध्ये:

हायड्रोजन १३१२, हेलियम २३७२.
लिथियम ५२०, बेरिलियम ८९९, बोरॉन ८०१, कार्बन १०८६, नायट्रोजन १४०२, ऑक्सिजन १३१४, फ्लोरिन १६८१, निऑन २०८१.
सोडियम ४९६, मॅग्नेशियम ७३८, ॲल्युमिनियम ५७८, सिलिकॉन ७८६, फॉस्फरस १०१२, गंधक १०००, क्लोरीन १२५१, अरगॉन १५२१.
पोटॅशियम ४१९, कॅल्शियम ५९०.

मोबाइलवर तयार आलेख मिळतो हे मला ठाऊक आहे. तो आज बघू नका. २३७२ चा बिंदू काढून झाल्यावर लगेच पुढच्या घरात ५२० साठी हात नऊ-दहा सेंटिमीटर खाली आणावा लागतो, तेव्हा ‘इथे काहीतरी घडलं’ हे हाताला आधी कळतं. बिंदू पेन्सिलीने काढा, मग पट्टीने एकेक जोडा. करवतीच्या पात्यासारखं चित्र होईल. आपल्याला आता तिचे दात वाचायचेत.

वाचण्याआधी एक गोष्ट पक्की करा. हे आकडे वायुरूपातल्या, एकट्या, मोकळ्या अणूचे आहेत. सोडियमचा तुकडा नाही, मिठाचा खडा नाही. परीक्षेत व्याख्या विचारली की ‘वायुरूपातील’ हा शब्द निम्मी मुलं गाळतात आणि गुण जातात, ते ठीक. पण तो शब्द गाळला की पुढचा विचारही चुकतो, कारण घन पदार्थात शेजारच्या अणूंची देवघेव मध्ये येते. एका अणूचा हिशेब हवा असेल तर ९६.५ ने भागा, उत्तर इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये येतं. हायड्रोजनचं १३.६ येतं, हा आकडा पुढे भौतिकशास्त्राच्या तासाला परत भेटेल.

आता प्रत्येक बिंदूला तीन गोष्टी विचारायच्या. निघणारा इलेक्ट्रॉन कुठे बसलाय? केंद्रकाची ओढ त्याच्यापर्यंत किती पोचतेय? आणि त्याच्या शेजारी कोण आहे? स्थैर्य, समाधान, पूर्णत्वाची ओढ असले शब्द मी ओसरीवर चालू देत नाही. अणूला मन नसतं. त्याच्याकडे धनप्रभार आहे, ऋणप्रभार आहे आणि अंतर आहे.

आधी शिखरं बघा: २, १०, १८. लगेच पुढचे खड्डे: ३, ११, १९. हेलियमकडून लिथियमकडे जाताना केंद्रकात एक प्रोटॉन वाढला, म्हणजे ओढ वाढायला हवी होती. दाम मात्र २३७२ वरून ५२० वर कोसळला. याचा अर्थ एकच निघतो, तिसरा इलेक्ट्रॉन पहिल्या दोघांबरोबर राहत नाही. तो दूर, नव्या कवचात आहे, आणि आधीचे दोघे त्याच्या आणि केंद्रकाच्या मध्ये उभे आहेत. पहिल्या कवचात दोनच मावतात हे तुम्हाला पुस्तकाने सांगितलं होतं. आज तुमच्या कागदाने सांगितलं. तसंच दहाव्यानंतर आणि अठराव्यानंतर.

मध्ये उभं राहण्याला पुस्तकात शील्डिंग म्हणतात. मी आडोसा म्हणते. शेकोटीभोवती पुढे माणसं बसलेली असली की मागच्याला ऊब कमी लागते, तसं. हा आडोसा किती, याचा एक कच्चा पण फार उपयोगी हिशेब अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ जॉन स्लेटर यांनी १९३० मध्ये दिला. एस आणि पी इलेक्ट्रॉनांपुरता तो असा: आपल्याच कवचातला प्रत्येक सोबती केंद्रकाचा ०.३५ प्रभार झाकतो, लगेच आतल्या कवचातला प्रत्येक जण ०.८५ झाकतो, त्याच्याही आतला पूर्ण १ झाकतो. पहिल्या कवचातल्या जोडीपुरते ०.३५ ऐवजी ०.३० धरायचे.

करून बघा. लिथियम: प्रोटॉन ३, आतले दोन इलेक्ट्रॉन मिळून १.७० झाकतात, उरले १.३०. निऑन: प्रोटॉन १०, सात सोबत्यांचे २.४५, आतल्या दोघांचे १.७०, एकूण ४.१५, उरले ५.८५. लिथियमपासून निऑनपर्यंत प्रत्येक घराला ०.६५ ची भर पडते, कारण प्रोटॉन एक वाढतो आणि नवा सोबती जेमतेम ०.३५ झाकतो. चढण का आहे याचं हे उत्तर. डावीकडून उजवीकडे अणू आकाराने लहान का होतो, त्याचंही हेच. मुलांना वाटतं इलेक्ट्रॉन वाढले म्हणजे अणू फुगला पाहिजे. हा हिशेब एकदा स्वतः केला की तो गैरसमज परत येत नाही.

हेलियमच्या शिखरावर जरा थांबते. विजयदुर्ग किल्ल्यावर हेलियमचा शोध लागला असं आपल्याकडे मोठ्या अभिमानाने सांगतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाची सावली विजयदुर्गावरून गेली हे खरं. पण त्या दिवशी सूर्याचा वर्णपट बघणारे फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते, आणि ज्यांचं नाव किल्ल्याशी जोडलं जातं ते इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर इंग्लंडमध्ये होते. त्यांनी ती पिवळी रेषा ऑक्टोबरमध्ये, ग्रहणाशिवाय पाहिली. मला त्या गोष्टीत रस आहे तो वेगळ्याच कारणाने. हेलियमचा इलेक्ट्रॉन सोडवणं दूरच, त्याला वरच्या पहिल्या पायरीवर चढवायलाच जवळजवळ २० इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. हायड्रोजनचा तर १३.६ मध्ये पूर्ण सुटतो. म्हणून सूर्याच्या रोजच्या प्रकाशातल्या काळ्या रेषांमध्ये हेलियम दडून राहिला आणि सूर्याच्या कडेवरच्या तप्त थरात सापडला. तुमच्या कागदावरचं ते सर्वांत उंच टोक म्हणजे हेच.

आता लहान दात. चढणीवर दोन ठिकाणी रेघ खाली वाकलीय: बेरिलियम ८९९ वरून बोरॉन ८०१, आणि नायट्रोजन १४०२ वरून ऑक्सिजन १३१४. स्लेटरच्या हिशेबाने दोन्हीकडे चढ यायला हवा होता. तो हिशेब इथे तोकडा पडतो, कारण त्याने एस आणि पी यांना एकाच पंगतीला बसवलंय. निसर्ग तसं करत नाही.

बोरॉनचं संरूपण लिहू. पहिला आकडा कवचाचा, मग उपकवचाचं अक्षर; टाइप करायच्या सोयीसाठी इलेक्ट्रॉनांची संख्या मी कंसात देते. वहीत तो कंसातला आकडा डोक्यावर लहान काढायचा. बेरिलियम १एस(२) २एस(२). बोरॉन १एस(२) २एस(२) २पी(१). एस उपकवचातला इलेक्ट्रॉन केंद्रकाच्या अगदी निकटही सापडू शकतो, आडोशाच्या आत घुसतो. पी चा तसा घुसत नाही. केंद्रकापाशी त्याची शक्यता शून्य होते. म्हणून कवच तेच असलं तरी २पी मधला २एस पेक्षा सैल धरलेला. बोरॉनकडून निघणारा पहिला इलेक्ट्रॉन हा २पी चा, म्हणून दाम ९८ ने घसरला. मॅग्नेशियम ते ॲल्युमिनियम तीच कथा, ७३८ वरून ५७८.

म्हणजे एकाच कवचात दोन मजले आहेत, हे तुम्हाला कुठून कळलं? ५ आणि १३ या घरांतल्या वाकण्यावरून. मी एस-पी शिकवते ते इथून. आधी नावं आणि मग कारण असं उलट्या क्रमाने शिकवलं की मुलं बिचकतात. नावांमध्ये तसाही अर्थ शोधू नका. जुन्या वर्णपटशास्त्रज्ञांनी रेषांच्या मालिकांना शार्प, प्रिन्सिपल, डिफ्यूज, फंडामेंटल म्हटलं, त्यांची ही आद्याक्षरं.

ऑक्सिजनचा दात समजायला चौकटी काढा. पी उपकवचात तीन ऑर्बिटल, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या राहण्याच्या तीन जागा, म्हणून तीन चौकटी. भौतिकशास्त्रज्ञ पाउली यांच्या १९२५ च्या नियमानुसार एका चौकटीत जास्तीत जास्त दोन इलेक्ट्रॉन, तेही एकमेकांविरुद्ध फिरकीचे (पुस्तकातलं स्पिन). हुंड यांचा नियम सांगतो की आधी प्रत्येक चौकटीत एकेक, एकाच फिरकीचा, मग जोड्या. नायट्रोजन २पी(३): तीन चौकटी, तीन एकटे. ऑक्सिजन २पी(४): चौथ्याला कुणाच्या तरी घरात शिरावं लागतं.

इथे सगळे शिक्षक एसटीचं उदाहरण देतात. गाडीत चढलेला माणूस आधी मोकळं बाकडं बघतो, ते संपली की मगच अनोळख्याशेजारी बसतो. मीही वर्षानुवर्षं दिलं. नंतर बंद केलं, कारण एका मुलीने पेपरात लिहिलं, ‘इलेक्ट्रॉनांना एकटं बसायला आवडतं.’ तिचा दोष नव्हता, उदाहरणाचा होता. खरं कारण प्रभाराचं आहे: एकाच ऑर्बिटलमधले दोन ऋणप्रभार एकमेकांना जास्त ढकलतात. शिवाय समान फिरकीचे इलेक्ट्रॉन मुळातच एकमेकांपासून अंतर राखून असतात, त्यामुळे त्यांच्यातलं ढकलणं कमी. हा दुसरा भाग पुस्तकात एक्स्चेंज ऊर्जा या नावाने येतो. त्याचं गणित अकरावीत नाही, पण नाव ओळखीचं असू द्या. थोडक्यात, ऑक्सिजनमधल्या त्या चौथ्याला शेजारीच बाहेर ढकलतोय, म्हणून तो ८८ किलोजूल स्वस्तात निघतो. ‘अर्धभरलेलं उपकवच स्थिर असतं’ असं नुसतं लिहिलंत तर माझ्याकडे अर्धाच गुण.

आता दुसऱ्या दाताची तिसऱ्या आवर्तातली जागा बघा. फॉस्फरस १०१२, गंधक १०००. घसरण फक्त १२ ची! ८८ वरून १२ वर का आली? ३पी चं घर २पी पेक्षा ऐसपैस आहे, दोघं एकत्र राहिले तरी कमी खेटतात. नियम पाठ करणाऱ्याला हा फरक कधीच दिसत नाही, कारण त्याच्यासाठी दोन्ही ‘अपवाद’ सारखेच.

विसाव्या घरापर्यंत येऊन आता संरूपण लिहायची पद्धत पक्की करा. भरण्याचा क्रम ठरवायला एन अधिक एल ही बेरीज. एन म्हणजे कवचाचा क्रमांक; एल म्हणजे उपकवचाचा आकडा, तो एस ला ०, पी ला १, डी ला २, एफ ला ३. बेरीज लहान ते आधी. बेरीज सारखी आली तर लहान एन आधी. ३पी आणि ४एस दोघांची ४ येते, म्हणून ३पी आधी. ४एस चे ४ आणि ३डी चे ५, म्हणून पोटॅशियमचा एकोणिसावा इलेक्ट्रॉन ४एस मध्ये. बाणांची ती तिरपी आकृती काढत बसण्यापेक्षा ही बेरीज तोंडी होते. आणि तुमचा कागद याला साक्ष आहे: १९ व्या घरात रेघ १५२१ वरून ४१९ वर, सोडियमपेक्षाही खाली आली, म्हणजे नवं कवच उघडलं हे नक्की.

एक सापळा लक्षात ठेवा. भरताना ४एस आधी, पण ३डी मध्ये इलेक्ट्रॉन असलेल्या संक्रमण मूलद्रव्यांमधून काढताना ४एस चेच आधी निघतात. लोह ३डी(६) ४एस(२). दोन प्रभाराचं लोह आयन ३डी(६), तीन प्रभाराचं ३डी(५). ‘शेवटी आला तो आधी गेला’ हा न्याय इथे चालत नाही. क्रोमियम ३डी(५) ४एस(१) आणि तांबं ३डी(१०) ४एस(१) हे मात्र सरळ लक्षात ठेवून टाका. त्यांचं कारण विचारलंत तर मी सांगेन, पण त्यात एक तास जाईल आणि चहा दोनदा करावा लागेल.

दुसरी संध्याकाळ एकट्या सोडियमसाठी. त्याचे अकराच्या अकरा इलेक्ट्रॉन एकापाठोपाठ काढले तर दर वेळी किती मोजावे लागतात?

४९६, ४५६२, ६९१०, ९५४३, १३३५४, १६६१३, २०११७, २५४९६, २८९३२, १४१३६२, १५९०७६.

हे आकडे सरळ आलेखावर मावत नाहीत. प्रत्येकाचा लॉगॅरिथम काढा: २.७०, ३.६६, ३.८४, ३.९८, ४.१३, ४.२२, ४.३०, ४.४१, ४.४६, ५.१५, ५.२०. लॉग टेबल वापरलंत तर भौतिकशास्त्राच्या प्रात्यक्षिकाचीही तयारी होते. बिंदू मांडले की एक बिंदू एकटा खाली, मग आठांची रांग, मग उडी, मग दोन. डावीकडून वाचा: १, ८, २. दहावीतलं २, ८, १ तुमच्यासमोर उलटं होऊन उभं आहे.

इथवर बरीच पुस्तकं येतात. पुढचं मला स्वतःला एका सुट्टीत वजाबाक्या करताना दिसलं, आणि त्या दिवशी मी आमटी करपवली. मधल्या आठ आकड्यांमधले फरक लागोपाठ लिहा: २३४८, २६३३, ३८११, ३२५९, ३५०४, ५३७९, ३४३६. यात दोन फरक आजूबाजूच्यांपेक्षा मोठे आहेत. ५३७९ हा सातव्या आणि आठव्या इलेक्ट्रॉनच्या मधला. दुसऱ्यापासून सातव्यापर्यंत सहा इलेक्ट्रॉन २पी चे होते; ते संपले आणि २एस ला हात लागला, म्हणून उडी. म्हणजे हा बोरॉनचाच दात. ३८११ हा चौथ्या आणि पाचव्याच्या मधला. २पी(६) मधून दुसरा, तिसरा, चौथा असे तीन काढेपर्यंत जोडीतला एकेक निघत होता, शेजारी ढकलून मदत करत होता. पाचव्यापासून सगळे एकटे, ढकलणारं कुणी नाही, म्हणून दाम चढला. हा ऑक्सिजनचा दात. वीस वेगवेगळ्या मूलद्रव्यांत दिसलेलं सगळं एका सोडियमच्या पोटात पुन्हा दिसतं. कुणा मुलाला हे न सांगता सापडलं तर त्याला माझ्याकडून पेढा.

परीक्षेत यातला सोपा तुकडा येतो: लागोपाठच्या आयनीभवन ऊर्जा ५७८, १८१७, २७४५, ११५७७ असतील तर मूलद्रव्य कुठल्या गणातलं? मोठी उडी तिसऱ्यानंतर आहे, म्हणून बाहेर तीन इलेक्ट्रॉन, गण १३, हा ॲल्युमिनियम. फरक बघू नका, पट बघा. १८१७ वरून २७४५ हा दीडपट, २७४५ वरून ११५७७ हा चौपटीहून जास्त.

मग इतका दाम मोजून मीठ बनतंच कसं, हा प्रश्न शहाण्या मुलाला पडतोच. हिशेब मांडा. सोडियमचा इलेक्ट्रॉन काढायला ४९६ गेले. क्लोरीनने तो घेतला तेव्हा ३४९ परत आले. अजून १४७ ची खोट आहे. वायुरूपातले सुटे धन आणि ऋण आयन एकत्र येऊन मिठाचा स्फटिक होताना मोलमागे सुमारे ७८७ किलोजूल सुटतात, त्यातून खोट भरून वर पुष्कळ उरतात. सौदा दोघांत नाही, सगळ्या बाजारात मिळून फायद्याचा ठरतो. मॅग्नेशियमचे दोन निघतात आणि तिसरा कधीच निघत नाही तो याचमुळे: ७३८ आणि १४५१ चा खर्च भरून निघतो, तिसऱ्यासाठी लागणारे ७७३३ कुठलाही स्फटिक परत देऊ शकत नाही.

जाता जाता, गॅसवर मीठ सांडलं की ज्योत पिवळी होते ते आयनीभवन नव्हे. तिथे सोडियमचा बाहेरचा इलेक्ट्रॉन ३एस वरून ३पी वर चढून परत उतरतो. त्याला जेमतेम २.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. पूर्ण सोडवायला ५.१ लागले असते.

गणात खाली उतरण्याबद्दल फार बोलत नाही. लिथियम ५२०, सोडियम ४९६, पोटॅशियम ४१९, रुबिडियम ४०३, सिझियम ३७६. स्लेटरच्या हिशेबाने सोडियमच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनला २.२० प्रभार जाणवतो, लिथियमला १.३०, तरी सोडियम स्वस्त, कारण तो तिसऱ्या कवचात, लांब आहे. अंतराने ओढीवर मात केली. एवढं कळलं की पुढे जा.

पण खाली उतरताना नेहमी स्वस्त होतंच असं नाही, आणि याचा विचार आमच्या विट्यातल्या एका मुलाने मला करायला लावला. आमच्या खानापूर तालुक्यातली कितीतरी घरं गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं-चांदी शुद्ध करण्याच्या कामात, देशभर पांगलेली आहेत. त्या मुलाचे वडील केरळात गलाई करायचे. तो म्हणाला, “मॅडम, नायट्रिकमध्ये चांदी विरघळते, सोनं तळाशी राहतं. सोनं तर गणात चांदीच्या खाली आहे. मग ते जास्त सहज विरघळायला पाहिजे की!”

आकडे काढले: तांबं ७४५, चांदी ७३१, सोनं ८९०. तांब्याकडून चांदीकडे थोडी घट, आणि मग सोन्यापाशी उसळी. चांदी आणि सोनं यांच्यामध्ये आवर्तसारणीत एफ उपकवचाची चौदा घरं येतात. तेवढे प्रोटॉन केंद्रकात वाढतात, पण ४एफ चे इलेक्ट्रॉन पसरट असल्यामुळे आडोसा नीट धरत नाहीत. त्यावर ७९ प्रोटॉनांच्या ओढीत आतले इलेक्ट्रॉन इतक्या वेगाने फिरतात की आइन्स्टाइनच्या सापेक्षतेचा परिणाम दिसू लागतो आणि ६एस आक्रसून केंद्रकाजवळ येतो. आम्लात विरघळणं म्हणजे काही वायुरूपातल्या अणूतून इलेक्ट्रॉन काढणं नव्हे. तिथे धातूचे बंध तुटणं, पाण्याने आयनाला वेढणं, असे आणखी खर्च आणि जमा असतात. तरी सोनं आपला इलेक्ट्रॉन धरून बसतं याची सुरुवात या ८९० मध्ये आहे, असं मी त्याला सांगितलं. त्याने तो आकडा वहीच्या मुखपृष्ठावर लिहून ठेवला आणि सुट्टीत वडिलांना सांगितला. “यांना भाव माहीत आहे, हा भाव माहीत नव्हता,” म्हणाला.

हीच गोष्ट धाकट्या प्रमाणात ॲल्युमिनियमच्या खाली दिसते. ॲल्युमिनियम ५७८, गॅलियम ५७९. एक कवच खाली येऊनही दाम उतरला नाही, कारण मध्ये ३डी चे दहा इलेक्ट्रॉन भरलेत, ज्यांचा आडोसा विरळ.

कागदाच्या उजवीकडे दुसरा कागद चिकटवा आणि हे दहा बिंदू मांडा: स्कँडियम ६३३, टायटॅनियम ६५९, व्हॅनेडियम ६५१, क्रोमियम ६५३, मँगनीज ७१७, लोह ७६२, कोबाल्ट ७६०, निकेल ७३७, तांबं ७४५, जस्त ९०६. चढण जवळजवळ सपाट होते. इथे वाढत जाणारे इलेक्ट्रॉन ३डी मध्ये, आतल्या बाजूला जातायत, आणि निघणारा मात्र प्रत्येक वेळी ४एस चा. नवा प्रोटॉन आणि नवा आडोसा जवळपास तुल्यबळ. शेवटी जस्तापुढे गॅलियमचा बिंदू मांडा. रेघ ९०६ वरून ५७९ वर येईल. तो दात तुम्ही आधी दोनदा वाचलाय. तिसऱ्यांदा स्वतः वाचा आणि कागदावर त्याच्याशेजारी निघणाऱ्या इलेक्ट्रॉनचं नाव लिहा.